लाल स्पायडर लिलीला पानं भरपूर येतात, मग फूल का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षांपूर्वी लाल स्पायडर लिलीचे सहा कंद लावले. पहिल्याच सप्टेंबरात एकाला फूल आलं, बाकीच्यांना नुसती पानं. तेव्हापासून दर हिवाळ्यात पानं जोमानं येतात, फूल मात्र एकदाही नाही. एप्रिलमध्ये पानं आडवी पडून विस्कटलेली दिसतात म्हणून तुम्ही ती कापता, कंद सडू नयेत म्हणून काढून जाळीच्या पिशवीत टांगता आणि ऑगस्टअखेर पुन्हा लावता. मग चुकतंय कुठे?

कंद मेलेले नाहीत आणि निकृष्टही नाहीत. ते उपाशी राहताहेत आणि दरवर्षी त्यांची मुळं तुटताहेत. एप्रिलमधली कात्री आणि त्यानंतरची खुरपी थांबवा, फुलं येतील. लगेच मात्र नाही, बहुधा दोन वर्षांनी. असं का, ते सविस्तर सांगते. या झाडाचं वर्ष आपल्या ओळखीच्या बहुतेक झाडांच्या उलट चालतं. ते एकदा ध्यानात आलं की कधी हात लावायचा आणि कधी नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल. महिने मी उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण हवामानाचे सांगते आहे, म्हणजे उन्हाळा जून ते ऑगस्ट. दक्षिण गोलार्धात असाल तर सहा महिने सरकवून घ्या.

आधी एक खात्री करून घेऊ. स्पायडर लिली या नावानं बरीच वेगवेगळी झाडं विकली जातात. पांढऱ्या फुलाची, मधोमध पातळ पडद्याची वाटी असलेली ती हायमेनोकॅलिस. काही क्रायनमनाही हेच नाव चिकटलेलं आहे. तुमचं झाड लायकोरिस रेडिएटा असावं. पान बोटापेक्षाही अरुंद, गडद हिरवं, मध्यभागी फिकट राखी पट्टा, आणि मुख्य म्हणजे पानं थंडीत असतात आणि उन्हाळ्यात अजिबात नसतात. ज्याला वर्षभर पानं आहेत ते लायकोरिस नव्हे. तुमच्याकडे पानं हिवाळ्यात येतात, त्यामुळे मला फारशी शंका नाही.

आता या कंदाचं वर्ष पाहू. सुरुवात सप्टेंबरातून करते, कारण दिसतं ते तिथूनच. जमीन उघडी असते, कुठे काही उगवल्याची खूण नसते, आणि एका सकाळी मातीतून फिकट हिरवं, टोकाशी तांबूस असं नाक वर आलेलं दिसतं. सोबत पान नसतं. एका वर्षी मी अशा एका दांड्याशेजारी पट्टी रोवली आणि रोज सकाळी खूण करत गेले. नाक दिसल्यापासून पहिली पाकळी मागे वळेपर्यंत नऊ दिवस लागले, आणि मधल्या एकाच दिवसात दांडा आठ सेंटिमीटर चढला. दोन वितींच्या आसपास उंची झाली की टोकाचं पातळ आवरण फाटतं आणि चारपासून सातपर्यंत कळ्या चहूकडे आडव्या होतात. प्रत्येक फुलाला सहा अरुंद पाकळ्या. त्या कडेला लाटांसारख्या मुडपलेल्या असतात आणि पूर्ण मागे वळतात. त्यांच्यातून सहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर पाकळ्यांच्या कितीतरी पुढे येऊन वर कमान करतात. लांबून दिसतं ते कोळ्याच्या पायांसारखं जाळं हेच केसरांचं. जवळ जाऊन एक केसर बोटावर घेऊन बघा: देठ लालभडक आणि टोकाला आडवा डुलणारा परागकोश.

एवढं सगळं एकही पान नसताना होतं, म्हणजे हा सगळा खर्च साठवणीतून झालेला असतो. फुलं आठवडाभरात मान टाकतात, दांडा कोलमडतो आणि त्याच सुमाराला शेजारून पानांची टोकं वर येतात. ऑक्टोबर ते एप्रिल-मे एवढाच या झाडाचा कमाईचा काळ. आजूबाजूची झाडं पानं गाळून उभी असताना हे हिरवंगार असतं आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन खातं. वसंत सरता सरता पानं पिवळी पडतात, गळतात, आणि पुढचे तीन-चार महिने वर काहीच दिसत नाही. याला सगळेच सुप्तावस्था म्हणतात, मीही म्हणते, पण त्या शब्दानं गैरसमज होतो. कंदाच्या आत तेव्हा सर्वांत नाजूक काम चालू असतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत एकदा जुलैमध्ये रिकामा समजून मी एक वाफा फावड्यानं उलथला आणि एका कंदाचे उभे दोन तुकडे झाले. मला फार वाईट वाटलं, पण ते तुकडे मी फेकले नाहीत. पाण्यानं धुऊन भिंगाखाली धरले. बाहेर तपकिरी कागदी पापुद्रा, आत कांद्यासारखे पांढरे, चिकट रसाचे खवले एकावर एक, तळाशी करड्या रंगाची टणक चकती, आणि चकतीच्या मध्यावर, खवल्यांच्या पोटात, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा एक फिकट कोंभ. सुईनं त्याचं आवरण बाजूला केलं तर आत पाच ठिपके वर्तुळात बसलेले. सप्टेंबरातली पाच फुलं जुलैत तयार होत होती. त्या कोंभाच्या बगलेत आणखी एक इवलंसं टोक होतं. येत्या हिवाळ्याची पानं आणि पुढची वाढ त्यातून होणार होती.

या कुळातल्या कंदांची रचनाच अशी असते. वाढणारं टोक फुलात संपतं आणि बगलेतला डोळा पुढचा कारभार हाती घेतो. आपण ज्याला खवला म्हणतो तो मुळात पानाचा बुडखा. पान वरून वाळून जातं, बुडखा जमिनीखाली साठा धरून राहतो. दरवर्षी आतून नवे खवले येतात आणि बाहेरचे रिकामे होत होत कागदासारखे पापुद्रे बनतात. म्हणून कंदात आज जो साठा आहे तो मागच्या दोन-तीन हिवाळ्यांतल्या पानांनी जमवलेला असतो.

पहिल्या वर्षीच्या त्या एका फुलाचं कोडं इथेच सुटतं. तुम्ही कंद लावलेत तेव्हा कळी त्यात आधीच होती. ज्यानं तो कंद वाढवला त्याच्या वाफ्यातल्या हिवाळ्यानं ती घडवलेली होती. बाकीचे पाच कंद एक तर लहान असतील किंवा फार दिवस कोरड्यात राहून त्यांची कळी आतल्या आत सुकली असेल. फूल धरायला कंद साधारण छोट्या लिंबाएवढा भरलेला लागतो. त्याहून लहान असेल तर पानंच येतात, आणि त्यात काही दोष नाही.

आता तुमची कात्री. पानं आडवी पडतात तो काळ दिसायला वाईट असतो, हे मान्य. पण वसंतात ऊन वाढत असतं, थंडी ओसरलेली असते, आणि त्या शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत पानं सर्वांत जास्त कमाई करून कंदात भरत असतात. पिवळं पडणारं पान आपल्यातला उपयोगी माल कंदाकडे परत पाठवत असतं. तुम्ही नेमकं तेव्हाच ते कापता. सलग चार वर्षं असं झाल्यावर कंद जगतो, हिवाळ्यात पुन्हा पानं काढतो, पण कळीला पुरेल एवढं शिल्लक पडत नाही. पानांची वेणी घालणं, रबरानं गुंडाळी करून बांधणं हेही टाळा, कारण त्यानं पानांवर ऊन पडत नाही. पान बोटानं हलकेच ओढल्यावर आपणहून सुटून हातात आलं, की त्याचं काम संपलं असं समजा. विस्कटलेपणा झाकायचाच असेल तर त्या सुमाराला वर येणारी, उथळ मुळांची बुटकी झाडं पुढच्या रांगेत लावा.

दुसरी गोष्ट खुरपी. तुम्ही कंद काढून ठेवता ते बहुधा ट्युलिपच्या सवयीनं. ट्युलिपची जुनी मुळं दर वर्षी मरतात, म्हणून त्याला ते चालतं. लायकोरिसची जाड, पांढरट मुळं उन्हाळ्यातही बऱ्याच अंशी जिवंत राहतात. एक कंद हळूच उकरून बघितलात तर मुळांच्या वरच्या भागावर आडव्या सुरकुत्या दिसतील, ओढून सोडलेल्या बाहीसारख्या. ही मुळं आखडतात आणि कंदाला हवं तेवढं खाली ओढून घेतात. उपटताना ती तुटली की झाडाला पुढचा हंगाम मुळं उभारण्यातच घालवावा लागतो. जाळीच्या पिशवीतले तीन महिने हे त्यावर आणखी एक संकट, कारण त्याच महिन्यांत आत कळी घडत असते आणि कंद बाहेरून सुकत असतो.

हलवल्यावर हे झाड रुसतं, असं जुने बागवाले म्हणतात. त्याची एक गोष्ट अमेरिकेत सांगितली जाते. 1854 मध्ये जपाननं अमेरिकेशी करार केल्यानंतरच्या काळात विल्यम रॉबर्ट्स नावाचा एक कप्तान तिकडून या लिलीचे तीन कंद घेऊन नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यू बर्न गावी आला. समुद्रप्रवासात ते इतके वाळले होते, की यादवी युद्ध सुरू होईपर्यंत त्यांनी जिवंतपणाची खूणच दाखवली नाही, असं त्याच्या घरात सांगत. ते युद्ध 1861 मध्ये सुरू झालं. आज अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या अंगणांत ही लिली इतकी पसरलेली आहे, की अनेकांना ती तिथलीच वाटते. कहाणीतला प्रत्येक तपशील कागदोपत्री सिद्ध करता येईल असं नाही, पण ज्यानं वाळलेले कंद लावून दोन-तीन वर्षं वाट पाहिली आहे त्याला ती खरी वाटते. तुमचे कंद निदान दर हिवाळ्यात पानं तरी देताहेत, म्हणजे तुमची स्थिती पुष्कळ बरी आहे.

जागेबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय, की कंद भिंतीलगत एका झुडपापाशी आहेत. झुडूप पानगळीचं आहे की सदाहरित, हे बघा. उन्हाळ्यातली सावली या कंदाला अजिबात त्रास देत नाही, तेव्हा त्याला पानंच नसतात. हिवाळ्यातली सावली मात्र घातक. पानझडी झाडाखालची जागा उत्तम: थंडीत ऊन, उन्हाळ्यात गारवा. सदाहरित झुडपाच्या उत्तरेला लावलेले कंद मी दहा-दहा वर्षं नुसत्या पानांवर राहिलेले पाहिले आहेत. पान लांबट, मऊ, फिकट आणि लगेच लोळण घेणारं असेल तर ऊन कमी पडतंय. आखूड, ताठर, गडद असेल तर ऊन ठीक आहे.

खोलीबाबत लोक अकारण गोंधळतात. जिथे जमीन गोठत नाही तिथे कंदाची मान मातीच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकेल एवढं पुरे. कडक थंडीत आणखी चार-पाच सेंटिमीटर खाली. चूक झाली तरी आकसणारी मुळं ती दोन वर्षांत सुधारून घेतात. दोन कंदांत वीतभर अंतर ठेवा. फार मोकळं लावलेलं हे झाड शोभतही नाही, आणि गर्दी झालेल्या बेटांना फुलं चांगली येतात असा माझा अनुभव आहे. बेट फारच दाटलं, कंद एकमेकांना मातीबाहेर ढकलायला लागले आणि फुलं घटली, तरच उकरून वाटणी करायची. ती वेळ सहा-सात वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा येते.

पाण्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण सडण्याच्या भीतीनंच तुम्ही कंद काढताय. शरदात फुलणारे बरेच कंद कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातले आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली ॲमरिलिस बेलाडोना किंवा भूमध्य सागराकाठची पिवळी स्टर्नबर्गिया यांना उन्हाळ्यात खरोखर कोरडं ठेवावं लागतं. लायकोरिसचं तसं नाही. तिचं घर चीन, कोरिया आणि जपान, आणि तिथे जून-जुलैत पावसाची झड लागते. उन्हाळी पाऊस तिला ओळखीचा आहे. तिला सोसत नाही ते तळाशी साचून राहिलेलं पाणी. जमीन चिकण असेल तर वाफा वीतभर उंच करा, जाड वाळू आणि पानांचं खत मिसळा, आणि मग पाऊस पडो वा न पडो, काळजी सोडा. वाफा अगदीच रखरखीत झाला तर उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाणी दिलं तरी चालतं. ऑगस्टच्या शेवटी एकदा जमीन खोलवर भिजवणं मात्र मी कधी चुकवत नाही.

फूल नेमकं कधी येणार हे पावसाइतकंच तापमानावर ठरतं. उन्हाळ्याच्या उबेत कळी घडते, पण दांडा उसळी घेतो तो उष्मा ओसरून माती वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास आल्यावर. तापमान तीसच्या घरात रेंगाळलं तर कळी तयार असूनही थांबून राहते. म्हणून ज्या वर्षी सप्टेंबर तापतो त्या वर्षी जपानमध्येही फुलं उशिरा येतात. तुमच्याकडे एखाद्या वर्षी ऑक्टोबर उजाडला तरी काही दिसलं नाही, तर उकरून बघू नका.

खताचा फार विचार करू नका. पानांची टोकं दिसली की एकदा आणि थंडी ओसरताना एकदा, पालाश जास्त आणि नत्र कमी असं खत हलक्या हातानं. कच्चं शेणखत कंदाला टेकवू नका. उन्हाळ्यात खत शून्य, कारण घ्यायला पानंच नसतात.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, की त्या एका फुलाला बी का धरलं नाही. मला तुमच्या पत्रातला हाच भाग सर्वांत आवडला. बागांमध्ये सर्वत्र दिसणारी लाल स्पायडर लिली बहुतेक वेळा त्रिगुणित असते. या जातीत गुणसूत्रांचा एक संच अकराचा. चीनमध्ये दोन संचांची, म्हणजे बावीस गुणसूत्रांची झाडं आहेत आणि त्यांना व्यवस्थित बी धरतं. जपानमधल्या झाडांत तीन संच असतात, तेहतीस गुणसूत्रं. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तीन संचांत प्रत्येक वेळी एक उरतो, वाटणी बिघडते आणि बी होत नाही. काळ्या पंखांची मोठी फुलपाखरं येऊन मध पितात, त्यांच्या पंखांना ते लांब केसर घासतात, परागही लागतो, तरी शेंग रिकामीच राहते.

म्हणजे जपानभर पसरलेली ही फुलं वाऱ्यानं किंवा पाखरांनी पसरवलेली नाहीत. फार पूर्वी चीनकडून आलेल्या कंदांचे तुकडे माणसांनी हातोहात पुढे नेले आणि जिथे लावले तिथे ते पिल्लं घालत राहिले. झाडं जवळपास एकाच वाणाची, त्यामुळे एका परिसरात फुलतातही एकदमच. साइतामा प्रांतात हिदाका इथल्या किंचाकुदा नावाच्या नदीकाठच्या जागी असे सुमारे 50 लाख कंद आहेत, आणि तिथली जमीन काही दिवस अक्षरशः लाल होते.

ती लावली गेली भाताच्या बांधांवर आणि दफनभूमीच्या कडेला, आणि त्यामागे कारण होतं. कंदात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. बांध पोखरणारे उंदीर आणि तत्सम प्राणी त्यापासून दूर राहतात, बांध फुटत नाही. दुष्काळात मात्र हाच कंद किसून, पुन्हा पुन्हा पाण्यात धुऊन त्यातला स्टार्च लोकांनी खाल्ला. हे मी इतिहास म्हणून सांगते आहे, करून बघण्यासाठी नव्हे. धुणं कमी पडलं तर उलट्या, जुलाब आणि त्याहून वाईट परिणाम होतात. घरात लहान मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर कंद उघड्यावर ठेवू नका, कांद्याजवळ तर मुळीच नाही. कापताना हातमोजे घाला. याच कंदात गॅलँटामाइनही असतं, आणि अल्झायमरच्या रुग्णांना ते औषध म्हणून देतात. पण शुद्ध करून मोजून दिलेलं औषध ही गोष्ट वेगळी आणि कंद वेगळा.

जपानी भाषेत हिला हिगानबाना म्हणतात. हिगान म्हणजे पैलतीर. शरदसंपाताच्या आसपासचा आठवडा तिथे पितरांच्या स्मरणाचा असतो, लोक समाध्यांवर जातात आणि नेमकी तेव्हाच ही फुलं उमलतात. तिचं दुसरं नाव मान्जुशागे. ते संस्कृतातल्या मंजूषक या शब्दावरून आलेलं आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या आरंभी आकाशातून ज्या दिव्य फुलांचा वर्षाव होतो त्यांत मंजूषक आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर हा शब्द चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे बांधावरच्या एका लाल फुलावर स्थिरावला. आणखी एक लोकनाव आहे, त्याचा अर्थ ‘पान दिसत नाही, फूल दिसत नाही’: फुलाला पान भेटत नाही आणि पानाला फूल. एका ओळीत झाडाचा सगळा वर्षक्रम सांगणारं याहून चांगलं वर्णन माझ्या वाचनात नाही.

वाढ करायची तर मग कंदांवाटेच. बाजूला आलेली पिल्लं वेगळी करणं सर्वांत सोपं. अधिक हवे असतील तर निरोगी, मोठ्या कंदाचे उभे आठ तुकडे करा, प्रत्येक तुकड्यातून दोन-दोन खवले बुडाच्या चकतीच्या तुकड्यासकट सोडवा आणि ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज), साधारण वीस ते पंचवीस अंशांत, अंधारात ठेवा. दोन-तीन महिन्यांत खवल्यांच्या खोबणीत, चकतीला लागून, ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे कंदुले दिसतात. चकतीचा तुकडा सुटला तर मात्र काहीच होत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. या कंदुल्यांना फूल यायला चार-पाच वर्षं तरी द्या. दोन संचांच्या, बी धरणाऱ्या झाडाचं काळं गोल बी मिळालं तर ते ताजं असतानाच पेरा. वाट तेवढीच पाहावी लागते.

तुमच्याकडे थंडी फार कडक असेल, दरवर्षी पानं गोठून टोकांपासून करपत असतील, तर लाल लिलीचा हट्ट धरू नका असं मी सुचवेन. हिवाळी पान करपलं की कमाई बुडते. याच वंशातल्या काही जाती पानं हिवाळ्यात काढतच नाहीत, थंडी सरल्यावर वसंतात काढतात. गुलाबी स्क्वामिगेरा, किंवा गुलाबी पाकळ्यांच्या टोकांना निळी छटा असलेली स्प्रेंगेरी. त्यांना थंडी कितीतरी जास्त सोसते. सोनेरी ऑरिया मात्र लालपेक्षाही नाजूक आहे.

रोग-किडी थोडक्यात: पानांवर आणि दांड्यांवर तांबडे, लांबट चट्टे दिसले तर ती बुरशी आहे, तो भाग कापून नष्ट करा आणि पानांवर पाणी मारणं थांबवा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर हातानं वेचा, कारण त्या पानातून थेट कंदाच्या मानेत शिरतात. बाकी या झाडाच्या वाटेला फार कोणी जात नाही.

आता यंदा तुम्ही नेमकं काय करायचं ते सांगते. कंद सध्या पिशवीत असतील तर आजच लावा, ऑगस्टअखेरची वाट पाहू नका. दाबून मऊ लागणारा कंद टाकून द्या, टणक असेल तो कितीही लहान असला तरी ठेवा. सदाहरित झुडपाची सावली पडत असेल तर लावतानाच जागा बदला, कारण मुळं तशीही तुटलेलीच आहेत. प्रत्येक कंदाशेजारी एक काडी रोवा, म्हणजे उन्हाळ्यात तिथे खुरपं चालणार नाही. या शरदात फुलाची अपेक्षा धरू नका. हिवाळ्यात पानं मोजून ठेवा: एका कंदाला यंदा चार आणि पुढच्या वर्षी सहा पानं आली तर तो भरतोय. पानं मे महिन्यात आपणहून गळेपर्यंत हात लावू नका, आणि त्यानंतर कंद जमिनीतच राहू द्या. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टच्या शेवटी वाफा एकदा खोल भिजवा आणि पुढचे तीन-चार आठवडे त्यावर पाय पडू देऊ नका; वर येणारं नाक बोटाच्या हलक्या धक्क्यानंही मोडतं, आणि मोडलेल्या दांड्याच्या जागी त्या वर्षी दुसरा येत नाही.